सिमवाला ‘अनलिमिटेड’ वायफाय डबा घेण्याआधी हे वाचा, भावाचे पैसे अडकलेत

सध्या आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा-फैजपूर पट्ट्यात बाजाराच्या दिवशी छत्री लावून सिमवर चालणारा वायफायचा डबा विकणारी पोरं बसतात, म्हणून हे लिहितोय. माझ्या मोठ्या भावाचं सावद्याजवळ केळीचं पॅकहाउस आहे, तिथपर्यंत वायरचं नेट येत नाही म्हणून त्याने हा डबा घेतला. विकणारा बोलायला एकदम गोड, "नाना, ५९९ महिना, सगळं अनलिमिटेड, वर्षाचे एकदम भरा म्हणजे फिटिंगचे १००० माफ." स्पीड दाखवला तो स्वतःच्या फोनवर आणि तोही मेन रोडला उभा राहून, टॉवर समोरच.

पैसे भरल्यावर पावती आली ८४८१ रुपये ८४ पैशांची. ५९९ च्या हिशोबाने १२ महिन्यांचे ७१८८, वर १८ टक्के जीएसटी, ज्याचं नावसुद्धा त्याने काढलं नव्हतं. आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरात महिना म्हणजे २८ दिवस, म्हणजे १२ महिन्यांचे झाले ३३६ दिवस, वर्षातले २९ दिवस सरळ गिळले!

पण हे एकवेळ सोडून दिलं असतं. खरा घात लिमिटने केला. पॅकहाउसला चार कॅमेरे, रेकॉर्डिंग चोवीस तास क्लाउडवर (म्हणजे नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर) जातं, आणि त्या पोराने हे कॅमेरे स्वतः बघितले होते, वर म्हणाला याच्यासाठी तर हा डबा बेस्ट आहे. आता हिशोब बघा, एका कॅमेऱ्याचे २ एमबीपीएस धरले तर चारचे ८, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट, आणि ८ बिटचा एक बाइट म्हणून सेकंदाला १ एमबी, दिवसाला ८६ जीबीच्या वर. आणि यांच्या अनलिमिटेडला लिमिट महिन्याला १००० जीबी. बाराव्या दिवशी खेळ खल्लास, राहिलेले सोळा दिवस बोंब. नेट पूर्ण बंद होत नाही, ६४ केबीपीएसवर येतं, आणि बंद होत नाही म्हणून त्याला अनलिमिटेड म्हणायचं, हे मला कस्टमर केअरच्या बाईंनी शांतपणे ऐकवलं, डोकंच फिरलं माझं.

६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी. गाडी भरताना घडांचे, कॅरेटचे फोटो दिल्लीच्या व्यापाऱ्याला पाठवायचे असतात, २ एमबीचा एक फोटो जायला चार मिनिटांच्या वर लागतात. गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, व्यापारी फोनवर फोन करतोय आणि भाऊ म्हणतोय "फोटो जाऊनच नाही राहिला रे". हंगामात भाव सकाळचा वेगळा नि संध्याकाळचा वेगळा, तिथे हे असं.

दुकानदार म्हणतो वर्षाचे पैसे परत मिळत नाहीत, ते पोरगं फोन उचलत नाही. कंपनीकडे तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घेतलाय, तो मागितल्याशिवाय फोन ठेवू नका. तिथून समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आम्ही ते अपील टाकलंय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण नोंद केलीय.

ज्यांनी घ्यायचं ठरवलंच असेल त्यांनी एकच महिन्याचं घ्या आणि त्या पोराकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, जीएसटी धरून किती, किती दिवसांचे, किती जीबीनंतर स्पीड किती होणार. स्पीड आपल्या घरात, आपल्या डब्यावर बघा. भावाने आता कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तिथेच हार्डडिस्कवर घेतलंय, हालचाल झाली तरच क्लिप क्लाउडवर जाते, त्यामुळे डेटा महिनाभर पुरतोय. पैशांचं अजून काही झालेलं नाही.