चार डब्यांचा सौर कुकर: मुलांच्या हाती द्यावा का?

जरूर द्यावा. पण मोठ्यांनी लावायचा आणि मुलांनी लांबून बघायचा, असं होणार असेल तर घेऊच नका.

रचना साधी आहे. पेटीत मंद काळ्या रंगाचा पत्र्याचा ट्रे, त्याभोवती ग्लासवूल (उष्णता बाहेर जाऊ न देणारा काचतंतूंचा थर), वर दुहेरी काच, झाकणाला आरसा आणि बाहेरून काळे रंगवलेले डबे. स्वच्छ उन्हात आत 100 ते 140 अंश सेल्सिअस तापमान होतं. शिजवणं, उकडणं, भाजणं जमतं; फोडणी आणि पोळी विसरा.

सुरुवात शेंगदाण्यांनी करावी, बिघडले तरी कोणी उपाशी राहत नाही! मग रताळी, तीही पाणी न घालता. भाताला दुप्पट पाणी पुरे, कारण वाफ फारशी निघून जात नाही. रिकामी पेटी अर्धा तास तापवून साडेदहाला भात ठेवला की दीड-दोन तासांत होतो. भिजवलेल्या तूरडाळीला अडीच-तीन तास.

घोटाळा होतो तो काच उघडून डोकावण्याने. दर वेळी साठलेली उष्णता निघून जाते आणि वरण कच्चं राहतं. ओव्हनचा तापमापक आत, काचेतून वाचता येईल असा ठेवा. मुलं आकडे टिपत बसतात. दर पाऊण तासाला पेटी सूर्याकडे वळवणं आणि आरशाचा उजेड डब्यांवर पाडणं ही कामं त्यांचीच. मात्र आरशात सूर्य बघायचा नाही आणि डबे उतरवायचे मोठ्यांनी, कापडाने धरून.

खरा अभ्यास सिलिंडरच्या वजनात आहे. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, आत गॅस 14.2 किलो. घरगुती काट्यावर एका दिवसाची बचत दिसत नाही, म्हणून दर रविवारी मोजा (रेग्युलेटर मोठ्यांनीच काढावा). एक आठवडा कुकरविना, एक कुकरसह. वाचलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे 3 किलो कार्बन डायऑक्साइड टळतो. एकाचे तीन कसे, हे मुलं विचारतातच: जळताना हवेतला ऑक्सिजन जोडला जातो.

घेताना झाकणाचा टेकू हलवून बघा. तो सैल असेल तर वाऱ्याने झाकण आपटून आरसा फुटतो. रबरी पट्टी उसवली की दोन काचांमध्ये बाष्प धरतं आणि पेटी तापत नाही. पावसाळ्यात पेटी कोरडी करून घरात ठेवावी.