छोट्या घोड्याचं खोगीर-लगाम: किटचा आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिन्यांत शोभेच्या छोट्या घोड्याचं सामान बनवायच्या या किटमधून एक खोगीर, तीन लगाम आणि दोन म्होरक्या (तोंडावर बांधायचे, कडियाळ नसलेले पट्टे) झाल्या. पहिला लगाम कुणाला दाखवण्याजोगा नाही, तो डब्याच्या तळाशी पडून आहे.

माझा घोडा ब्रेयर कंपनीचा, त्यांच्या ‘ट्रॅडिशनल’ मापाचा, म्हणजे साधारण १:९, खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्श्याएवढा. किटमध्ये चामड्याचे तुकडे आणि पट्ट्या, बक्कलं, कड्या, तार, गोंद आणि कागदी नमुने होते.

बक्कलांना पैकीच्या पैकी गुण. जीभ खरोखर हलते आणि भोकात जाऊन बसते. इतक्यांदा काढघाल केली, एकही मोडलं नाही. फक्त चिमट्यानेच उचला. माझं एक उडालं ते आजतागायत सापडलेलं नाही.

रड आहे ती चामड्याची. रुंदी बरोबर होती, जाडी चुकली होती, आणि हे कळायला मला दोन महिने लागले. खऱ्या लगामाचा पट्टा १६ मिलिमीटर रुंद धरला तर इथे तो १.८ येतो. ते जमलं होतं. पण खरं चामडं साडेतीन मिलिमीटर जाड असेल तर इथे ०.४ पुरे, आणि किटमधलं चांगलं १ मिलिमीटर! लगाम गालाला बसायचाच नाही. घोड्याच्या तोंडाला कुणीतरी कमरेचा पट्टा आवळलाय असं दिसायचं.

उपाय एकच, मागची बाजू तासणं. तुकडा काचेवर पालथा ठेवायचा, रापी (चामडं कापायची सुरी) जवळजवळ आडवी धरायची आणि हलक्या हाताने पुढे ढकलायची. कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल सुटली की समजायचं जमलं. भुगा पडला तर आधी धार लावा. आणि आधी रुंद तुकडा तासायचा, मगच पट्ट्या कापायच्या. मी उलटं करत होते. अरुंद पट्टी तासताना ताणली जाते, मग तुटते. अशा किती गेल्या ते मोजलं नाही.

गोंदाबद्दल एवढंच, की तो चामड्यावर पसरला तर त्या जागी रंग चढत नाही. आधी रंगवा, मग चिकटवा.

कडियाळाचं, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणाऱ्या लगामाच्या भागाचं, काय करायचं हा प्रश्न मलाही पडला होता, कारण घोड्याचं तोंड मिटलेलं. आडवी कांडी गाळून टाकली. दोन्हीकडच्या कड्या खसखशीएवढ्या चिकट मेणावर ओठांच्या कोपऱ्यात टेकवल्या, बघणाऱ्याला कळत नाही.

एक चूक महागात पडली. रंगवलेला लगाम पांढऱ्या घोड्यावर सहा आठवडे तसाच राहिला आणि नाकावर तपकिरी रेघ उमटली. ती पुसायला ॲसिटोनची बाटली उघडलीही होती. घोडा सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकचा, ॲसिटोनमध्ये विरघळणारा! ऐनवेळी आठवलं म्हणून नाक शाबूत आहे. रेघही आहेच, म्होरकीखाली झाकते. आता काम झालं की सामान उतरवून ठेवते.

हेच किट पुन्हा घेणार नाही. बक्कलं सुटी मिळाली तर तेवढी घेईन. चामडं आता एका जुन्या पाकिटाच्या अस्तराचं वापरतेय, ते मुळातच पातळ आहे. रिकिबी त्याच्याच पट्ट्यांवर लटकवल्या, छान पडतात. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, मात्र अजून एका भोकाने सैल आहे.