केक चाखायला शहरभर फिरताना वापरलेली कूलर बॅग: काही महिन्यांनंतरचा अनुभव

ही बॅग दिसली की लोक एकच विचारतात, केक किती वेळ गार राहतो? त्याचं उत्तर पुढे देतेच. पण मी ती घेतली होती दुसऱ्याच कामासाठी. शहराच्या वेगवेगळ्या टोकांना असलेल्या पेस्ट्री शॉपमधले केक मला एकाच दिवशी, एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडून खायचे होते. बरेच महिने हे चालू आहे आणि आता माझं मत पक्कं झालंय. दोन दुकानांच्या केकची तुलना करायची तर दोन्ही केक सारख्याच तापमानाला हवेत. तसं नसेल तर आपण दिलेला निकाल केकचा कमी आणि दुकानातल्या फ्रीजचा जास्त असतो.

याला ठोस कारण आहे. गार पदार्थ कमी गोड लागतो. जिभेवरच्या चवपेशींत टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी असते आणि गोडाचा संदेश पुढे जायला ती लागते. तापमान १५ अंशांवरून ३५ अंश सेल्सिअसकडे चढत गेलं की ती जास्त जोमाने काम करते, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. म्हणजे काचेच्या कपाटातून थेट ताटलीत आलेला तुकडा 'बेताचा गोड' वाटतो आणि तोच अर्ध्या तासाने घशाशी येतो. वासाचंही तसंच. थंडीत सुगंध फारसा उडतच नाही, त्यामुळे व्हॅनिला, कॉफी, भाजलेल्या लोण्याचा वास हे सगळं दबून राहतं. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणून अगदी गार बटरक्रीम जिभेवर मेणचट लागतं. तेच खोलीच्या तापमानाला आलं की अलगद विरघळतं. एका दुकानात केक कपाटातून काढून लगेच देतात, दुसरीकडे तो सकाळपासून काउंटरवर उघडा असतो. तिथल्या तिथे खाऊन 'हा त्याच्यापेक्षा सरस' असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, विशेषतः त्या दोन्ही ठिकाणी कुणीतरी पहाटे उठून काम केलेलं असतं तेव्हा.

आता बॅगेबद्दल. बाहेरून जाड कापड, मधे फोमचा थर, आतून चंदेरी फॉइलचं अस्तर, वर तिन्ही बाजूंनी उघडणारी झिप आणि झाकणाच्या आतल्या बाजूला जाळीचा खिसा. या रचनेत केकसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे तळ. जेवणाच्या डब्यांसाठी मिळणाऱ्या बॅगा उभट आणि तळाला मऊ असतात. त्यात केकचा खोका ठेवला की दोन वळणांत तो कलंडतो आणि क्रीम खोक्याच्या भिंतीला जाऊन चिकटतं. मी घेतलेली बॅग पसरट आहे, तळात काढता येणारा कडक पत्रा आहे, आणि आठ इंची केकचा खोका त्यात पूर्ण सपाट बसतो. पूर्ण केकऐवजी स्लाइसचे छोटे खोके घेतले तर ते एका थरात शेजारी शेजारी मावतात. एकावर एक मी कधीच रचत नाही, खोक्यांची झाकणं तेवढी मजबूत नसतात. खाली रबरी जाळीची घसरण थांबवणारी चटई कापून घातली आहे. आतापर्यंत या बॅगेवर केलेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च तोच.

गारवा टिकवणारा खरा भाग आहे बर्फाचा, बॅगेचा नव्हे. बॅग फक्त बाहेरची उष्णता आत यायला उशीर लावते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणून अर्धवट वितळलेला बर्फाचा पॅकही निकामी झालेला नसतो, शेवटचा खडा असेपर्यंत तो शून्याच्या आसपासच राहतो. गार हवा खाली बसते, त्यामुळे पॅक झाकणाच्या जाळीच्या खिशात ठेवले की थंडावा केकवर उतरतो. तळाशी ठेवले तर खोक्याचा तळ गारठतो आणि वरचं क्रीम मात्र सैलावतं. निघण्याआधी रिकामी बॅग पॅक घालून अर्धा तास बंद ठेवते, म्हणजे फोम आणि अस्तर आधीच गार झालेले असतात. मधल्या रिकाम्या जागेत स्वच्छ टॉवेल कोंबते. आत हवा जितकी कमी, तितकी झिप उघडल्यावर बाहेर पडून बदलली जाणारी हवा कमी.

एक काळजी आवर्जून घ्या. फ्रीझरमधून नुकता काढलेला पॅक उणे १८ अंशांच्या आसपास असतो. तो खोक्याला चिकटून राहिला तर जवळच्या बाजूचं कस्टर्ड आणि फळं गोठतात, आणि नंतर सुटताना पाणी सोडतात. पॅक बाहेर काढून त्याच्यावर घाम धरेपर्यंत थांबायचं आणि मगच तो आत घालायचा.

तर आता त्या प्रश्नाचं उत्तर. आत प्रोब थर्मामीटर ठेवून मी बऱ्याचदा पाहिलंय. बॅग आधी गार केलेली, वर दोन पॅक, तीन-चार ठिकाणी थांबून झिप उघडलेली, अशा फेरीत साध्या दिवशी तीन तासांनंतरही आतलं तापमान दहाच्या खालीच राहतं. कडक उन्हात दोन तासांच्या पुढे ते वर सरकायला लागतं. दूध, अंडी, क्रीम असलेले पदार्थ ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू नयेत आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभराहून जास्त नाही, हा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून उन्हाच्या दिवसांत मी फेरी आखते तेव्हा सगळ्यात लांबचं दुकान पहिलं घेते आणि घराकडे येत येत बाकीची. क्रीमवाले केक शेवटच्या थांब्यावर, साधे बटर केक आणि लोफ आधी. हा क्रम एकदा बसला की धावपळ निम्मी होते.

गाडीत बॅग सीटवर ठेवू नका. सीट मागे उतरती असते. पायाजवळची जागा सपाट असते आणि ब्रेक लागला तरी बॅग पुढे आपटत नाही. बसमध्ये मांडीवर. दुचाकीवर मी फक्त लोफ, टार्ट आणि ब्राउनी आणते.

घरी आल्यावरचा भाग मला सगळ्यात प्रिय. सगळे तुकडे खोक्यांसकट फ्रीजमध्ये तासभर, म्हणजे सगळ्यांची सुरुवात एका पातळीवरून. मग एकदम बाहेर, खोक्यांची झाकणं बंदच, वीस मिनिटं. झाकण लगेच उघडलं तर दमट हवेतलं पाणी गार पृष्ठभागावर जमतं. मूसवरचं चकाकतं ग्लेझ डागाळतं आणि चॉकलेटच्या पातळ पट्टीवर पाणी सुकल्यावर साखरेचे पांढरे डाग राहतात. त्यानंतर सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येकाचा एकेक काप.

क्रीमचा खरा चेहरा इथे दिसतो. एकदा एकाच प्रकारचे, फळं आणि पांढऱ्या क्रीमचे दोन केक शेजारी होते. दुकानात दोन्ही सारखेच देखणे. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास एकाच्या कडा गोलावल्या, नोझलने काढलेल्या फुलांच्या पाकळ्या किंचित खाली बसल्या आणि तळाशी दुधाळ ओल दिसली. दुसऱ्याच्या पाकळ्या तासाभराने, अगदी दीड तासानेही तशाच टोकदार. बघणाऱ्याला दुसरा 'चांगला' वाटेल. पण पहिलं क्रीम दुधाचं होतं. त्यातल्या स्निग्धांशाचे कण गारव्यात अर्धवट घट्ट झालेले असतात म्हणूनच ते फेटल्यावर उभं राहतं, आणि उबेला लागलं की बसतं. दुसरं वनस्पती तेलाचं टॉपिंग होतं. त्यात बहुधा पाम कर्नल तेलासारखं घट्ट केलेलं तेल, साखर आणि स्थिरक असतात. ते उन्हाला टिकतं, वाहतुकीत मोडत नाही, दुकानदाराला सोयीचं पडतं हे मला मान्य आहे. पण घास गिळल्यावर टाळूवर तेलकट पापुद्रा राहतो आणि फळाची आंबट चव त्याच्याखाली दबते. दुकानात गारेगार खाताना हा फरक मला कधी इतका स्वच्छ कळला नव्हता.

मूसचंही तसंच. प्राण्यांपासून मिळणारं जिलेटिन शरीराच्या तापमानाच्या आतच वितळतं, त्यामुळे ते घातलेला मूस तोंडात पसरत जातो. समुद्री शेवाळापासून मिळणारं अगार ८५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तो घास तोंडात मोडतो, विरघळत नाही. शाकाहारी लोकांसाठी अगारचा मूस करणारी दुकानं मला महत्त्वाची वाटतात, आणि त्यांना जिलेटिनच्या मापाने तोलू नये. तिथे बघायचं ते हे की मोड कुरकुरीत-रबरी आहे की मऊ. चांगल्या हातांनी केलेला अगारचा मूस पुडिंगसारखा अगदी सुरेख सुटतो.

चॉकलेटच्या बाबतीत मी आता वरच्या पातळ पट्टीचा तुकडा वेगळा काढून जिभेवर ठेवते आणि चावत नाही. कोको बटर शरीराच्या तापमानाच्या जरा खालीच वितळतं, ती पट्टी काही क्षणांत सरळ विरघळून जाते. कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं कंपाउंड चॉकलेट बराच वेळ तसंच राहतं आणि मग चिकट होतं. ही चाचणी अगदी गार तुकड्यावर करू नका, गारठलेलं चांगलं चॉकलेटही आधी हट्टीच वागतं.

स्पंजमध्ये सगळ्यात जास्त फरक पडतो तो लोणी आणि तेल यांचा. लोण्याचा केक फ्रीजमध्ये कडक होतो, तेलाचा मऊ राहतो. शिफॉन केकची सगळी गंमत यातच आहे. तो लॉस एंजेलिसमध्ये १९२७ साली हॅरी बेकर नावाच्या विमा विक्रेत्याने शोधला, लोण्याऐवजी तेल घालून, आणि पाककृती वीस वर्षं गुपित ठेवून १९४७ साली जनरल मिल्स कंपनीला विकली. गार असतानाही तो हलका लागतो तो या तेलामुळे आणि फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यामुळे. तेव्हा कपाटातून थेट मिळणाऱ्या शिफॉनशी गार बटर केकची तुलना केली तर बटर केक हरणारच. तासभर बाहेर ठेवून बघा, निकाल पुष्कळदा उलटतो. माझ्या यादीत आज पहिल्या जागेवर असलेला केक साधा, आयसिंग नसलेला बटर केक आहे, आणि तो दुकानात गार खाल्ला तेव्हा मी त्याला जवळजवळ बाद केलं होतं.

ही बॅग कुठे अजिबात चालत नाही तेही सांगायला हवं. पफचे थर असलेलं काहीही यात आणू नका. पिठाला सहा वेळा तीन पदरी घडी घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. एवढ्या मेहनतीने आणलेला कुरकुरीतपणा बंद, दमट बॅगेत तासाभरात मरतो. मिलफॉय (पफच्या थरांमध्ये क्रीम भरलेली पेस्ट्री), एक्लेअर (आत क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री), वर कॅरॅमलचं कवच असलेले प्रकार, हे दुकानातच उभं राहून खायचे, शक्य असेल तर भरल्याबरोबर. कॅरॅमल हवेतली ओल ओढतं आणि चिकट होतं. जी दुकानं एक्लेअर मागणीनंतर भरून देतात त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. तिथे बॅग बाहेरच ठेवून जाते.

टिकाऊपणाबद्दल मिश्र अनुभव. कापड आणि पट्टा अजून भक्कम आहेत. फॉइलचं अस्तर कोपऱ्यातल्या घडीवर फाटायला लागलंय आणि तिथून पाणी फोममध्ये शिरतं. ते नीट वाळलं नाही तर कुबट वास येतो. लोणी आणि क्रीम आजूबाजूचे वास पटकन धरतात, त्यामुळे हा दोष केकच्या बाबतीत लहान नाही. प्रत्येक फेरीनंतर कोमट पाण्याने पुसायची, उघडी ठेवून पूर्ण वाळवायची, आणि त्यात कधीही मासे, कांदा, मसाल्याचे डबे न्यायचे नाहीत. झिपचं टोक जिथे संपतं तिथे बोटभर फट राहते. मी तिथे कापडाची घडी खोचते. एवढ्या किमतीच्या बॅगेला अस्तर शिवण्याऐवजी उष्णतेने जोडलेलं असायला हवं होतं, ही माझी सरळ तक्रार आहे. विक्रेत्याकडे सुटं अस्तर मागितलं, मिळालं नाही.

कुणी घ्यावी? महिन्यातून एखादा वाढदिवसाचा केक आणायचा असेल तर दुकानाचा खोका आणि घराची वाट पुरेशी आहे. पण ज्यांना खरोखर एकेक दुकान समजून घ्यायचंय, एखाद्या लहान दुकानाच्या चांगल्या कामाला ओळख मिळावी असं वाटतं, त्यांनी अवश्य घ्यावी. घेताना खोक्याचं माप सोबत न्या, त्यात वरून किमान तीन बोटं जागा धरा कारण सजावट खोक्याच्या झाकणापर्यंत येते, तळाचा पत्रा हाताने दाबून पाहा, आणि कोपऱ्यातली शिवण आतून तपासा. दोन पॅक वापरायचे तर चार घ्या. म्हणजे सलग दोन दिवस बाहेर पडायचं असलं तरी दोन नेहमी फ्रीझरमध्ये तयार असतात.