लोखंडाला रंग की जस्ताचा मुलामा? ओरखडा पडल्यावर काय होते ते पाहा

लोखंड गंजते तेव्हा त्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावतो आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजेच ऑक्सिडीकरण. ऑक्सिजन नसतानाही ते घडू शकते. फाटकाला किंवा जिन्याला काय लावावे, याचे उत्तर या व्याख्येतच आहे.

रंग फक्त पाणी आणि हवा अडवतो. ओरखडा पडला की तिथले लोखंड उघडे पडते, आणि गंजाला मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा लागत असल्याने तो शेजारचा रंग उचलत आत शिरतो. मात्र रंग लवकर सुटला तर दोष बहुधा तयारीचा असतो. आधी तेलकटपणा थिनरने पुसावा, मग तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढावा, आणि त्याच दिवशी प्रायमर मारावा. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो, म्हणून कडा कानशीने गोल करून तिथे एक जादा हात द्यावा. दव धरलेल्या धातूवर तर रंग लावूच नये.

जस्त अडवते, शिवाय लोखंडाऐवजी स्वतः झिजते. धातू किती सहज इलेक्ट्रॉन देतो हे त्याच्या प्रमाण विभवावरून कळते; ते जितके ऋण, तितके देणे सोपे. जस्ताचे −0.76 व्होल्ट, लोखंडाचे −0.44, म्हणून ओरखड्यात जस्त आधी इलेक्ट्रॉन देते. हे संरक्षण काही मिलिमीटर रुंदीपुरतेच पुरते, तळहाताएवढ्या उघड्या भागाला नाही. कथिलाचे नेमके उलटे आहे: त्यावर ओरखडा पडला की लोखंड अधिक वेगाने गंजते.

‘जस्ताचा मुलामा’ म्हटले की जाडी विचाराच. सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या, 6 मिमीपेक्षा जाड पोलादावर सरासरी 85 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर अपेक्षित असतो. विद्युत मुलाम्याच्या, म्हणजे विजेने जस्त चढवलेल्या, स्क्रूवर तो साधारण 5 ते 12 मायक्रॉनच असतो. नुसत्या चमकेवरून जाडी कळत नाही. आम्ल किंवा तीव्र अल्कली असलेल्या जागी मात्र जस्त टिकत नाही.

हात पोहोचतो आणि काही वर्षांनी पुन्हा रंगवता येते, तिथे रंग पुरतो. उंच सांगाडा किंवा बंद खाच असेल तर जस्तच घ्यावे. वेल्डिंग आणि छिद्रे वितळलेल्या जस्तात बुडवण्याआधीच उरकावीत. पोकळ नळीला हवा जायला छिद्र ठेवावेच, नाहीतर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती जस्ताच्या कुंडात फुटू शकते.

दोन्ही हवे असतील तर जस्तावर थेट ऑइल पेंट नको: त्यातील तेलाचा जस्ताशी साबण बनतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. आधी एपॉक्सी प्रायमर लावावा.