स्ट्राँगचं कॉन्कॉर्डन्स: सूची म्हणून पैकीच्या पैकी, कोश म्हणून जरा जपून

हिब्रू-ग्रीक न शिकता बायबलमधल्या एखाद्या शब्दाच्या मुळाशी जायचं, तर बहुतेकांची गाठ पडते ती जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० सालच्या कॉन्कॉर्डन्सशी, म्हणजे शब्दसूचीशी. किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरातला शब्द न् शब्द कुठल्या कुठल्या वचनात येतो, ते यात दिलेलं आहे. प्रत्येक नोंदीपुढे मूळ शब्दाचा क्रमांक असतो. हिब्रू १ ते ८६७४, ग्रीक १ ते ५६२४. ग्रीकमध्ये २७१७ आणि ३२०३ ते ३३०२ हे क्रमांक नाहीतच. पानं गळाली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

पुढचा जाडजूड भाग सूचीचा, मागे दोन छोटे कोश, एक हिब्रूचा, एक ग्रीकचा. जुन्या धाटणीच्या छपाईत सरळ टाइपातला आकडा हिब्रू आणि तिरका ग्रीक. हा फरक नजरेतून सुटला की नव्या करारातल्या ग्रीक शब्दासाठी माणूस हिब्रू कोशात शिरतो आणि भलताच अर्थ घेऊन बाहेर येतो.

बहुतेक जण मात्र पुढची सूची ओलांडून थेट मागच्या कोशात जातात, आणि घोटाळा तिथेच होतो. नोंदीत मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती आणि थोडक्यात अर्थ येतो. मग विसर्गासारखे दोन ठिपके आणि एक आडवी रेघ. त्या रेघेनंतरची यादी अर्थांची नाही. किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी तो शब्द कुठे कुठे कसा उतरवला, एवढंच ती सांगते.

हिब्रू १२८८ बघा, ‘बारक’. मूळ अर्थ गुडघे टेकणे, त्यावरून आशीर्वाद देणे, धन्यवाद देणे. रेघेनंतरच्या यादीत मात्र शाप देणे आणि देवाची निंदा करणे हेही बसलेत. म्हणून ‘आशीर्वाद या शब्दात शापही दडलाय’ असं सांगणारे निघतात. खरं कारण साधं आहे. ईयोब २:९ मध्ये ईयोबाची बायको देवाबद्दल जे बोलते ते उघड लिहायला नको, म्हणून तिथे उलटा शब्द वापरलाय. आपण दिवा ‘विझवला’ न म्हणता ‘शांत केला’ म्हणतो, त्याच जातीचा हा प्रकार. याच यादीत काही शब्दांआधी गुणाकाराची फुली आहे. ती फुली म्हणजे तिथलं भाषांतर हिब्रूच्या खास वाक्प्रयोगातून आलंय. अधिकचं चिन्ह असेल, तर शेजारचा शब्दही हिशेबात धरलाय. सुरुवातीच्या सूचना वाचल्याशिवाय हे कळत नाही, आणि त्या कोणी वाचत नाही.

व्युत्पत्तीचं तसंच. ग्रीक १५७७, ‘एक्लेसिया’, म्हणजे मंडळी. मूळ धातू बोलावण्याचा, म्हणून ‘मंडळी म्हणजे जगातून बाहेर बोलावलेले लोक’ हे विवेचन प्रवचनांत नेहमीचं. आता पुढच्या सूचीत याच क्रमांकाची वचनं काढा. प्रेषितांची कृत्ये १९:३२ मध्ये इफिसच्या नाट्यगृहात आरडाओरडा करणारा जमाव, ज्यातल्या बहुतेकांना आपण कशाला जमलोय हेच ठाऊक नाही, तोही एक्लेसियाच. शब्दाचा रोजचा अर्थ सभा, जमाव. कोशाने दिशाभूल केली, सूचीने सावरलं.

म्हणून वापरायची रीत अशी. मराठी बायबलमध्ये वचन ठरवा आणि तेच वचन किंग जेम्समध्ये काढा. क्रमांक इंग्रजी शब्दाला चिकटलेले आहेत, मराठी शब्दावरून सूचीत थेट शिरता येत नाही. क्रमांक मिळाला की आधी त्याच पुस्तकातली वचनं वाचा, मग त्याच लेखकाची बाकीची, मग उरलेला करार. कोश सर्वांत शेवटी. वचन वाचताना आधीची-नंतरची चार-पाच वचनंही वाचा, नाहीतर सूचीतला तुटका तुकडा फसवतो.

योहान २१:१५-१७ घ्या. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा विचारतो, ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ प्रीतीसाठी पहिल्या दोनदा ग्रीक क्रमांक २५, ‘अगापाओ’. तिसऱ्यांदा ५३६८, ‘फिलेओ’. पेत्राचं उत्तर तिन्ही वेळा फिलेओ. यावरून ‘दैवी प्रेम’ आणि ‘मैत्रीचं प्रेम’ अशी उतरंड रचली जाते. पण त्याच शुभवर्तमानात पित्याची पुत्रावर प्रीती आहे हे सांगताना ३:३५ मध्ये २५ येतो आणि ५:२० मध्ये ५३६८. येशूच्या आवडत्या शिष्यासाठीही १३:२३ मध्ये एक आणि २०:२ मध्ये दुसरा. इतकं समोर आल्यावर ती उतरंड टिकवणं अवघड आहे.

उणिवा आहेत. क्रमांक मूळ शब्दाचा. क्रियापदाचं रूप, काळ, प्रयोग काहीच कळत नाही. हिब्रूत एकच धातू वेगवेगळ्या रूपांत अर्थ बदलतो, ते सगळं इथे एका आकड्याखाली कोंबलेलं. कोशाचं ज्ञानही एकोणिसाव्या शतकातलं. त्यानंतर पपायरसांच्या, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लिखाणांच्या, अभ्यासातून बोलीतल्या ग्रीकबद्दल पुष्कळ काही कळलं, ते यात कुठून असणार? आणि नव्या इंग्रजी भाषांतरांच्या काही कॉन्कॉर्डन्समध्ये गुडरिक-कोहलेनबर्गर ही वेगळी क्रमांकपद्धत आहे. दोन्हींचे आकडे मिसळले की सगळंच चुकतं.

मूळ ग्रंथ आता कोणाच्या हक्कात नसल्याने मोबाइल ॲपमध्ये तो सहसा फुकट मिळतो. शोधायला ॲप निर्विवाद सरस, फक्त शब्दावर बोट ठेवताच ते आधी कोश उघडतं, म्हणजे नेमकी उलटी सवय लावतं. त्या खिडकीत त्या क्रमांकाची सगळी वचनं दाखवणारं बटण शोधा. ते नसेल तर दुसरं ॲप घ्या. छापील प्रत जड आणि बारीक टाइपाची असते, पण पानभर वचनं एकाखाली एक दिसण्याची सोय तिच्यातच. घेण्याआधी मधलंच एक पान उघडा आणि वचनांचे आकडे चष्म्यानिशी तरी वाचता येतात का, ते पाहा.