कूलरसमोर कोणती रमी: पत्त्यांची की टाइलची?

नवतपा लागला की दुपारी दाराबाहेर पाय टाकायची सोय नसते. सुट्टीत आलेली पोट्टी, दोन-चार मोठी माणसं, छपरीत सतरंजी. आता पत्त्यांचे कॅट काढायचे की टाइलच्या रमीचा, म्हणजे रमीकबचा, डबा आणायचा? आमच्याकडं दोन्ही आहेत.

तेरा पानांची रमी येत असेल तर टाइलची रमी शिकायला वेळ लागत नाही. १ ते १३ आकडे, चार रंग, प्रत्येक टाइल दोनदा आणि दोन जोकर, अशा १०६ टाइल. म्हणजे जोकरसकट दोन कॅटच झाले. सुरुवातीला प्रत्येकाला १४. एका रंगाचे ओळीनं किमान तीन आकडे लावा, नाहीतर एकच आकडा तीन किंवा चार वेगवेगळ्या रंगांत. पत्तेवाला अडखळतो तो एक्क्यापाशी: राजाच्या पुढं एक्का लावायची त्याची सवय, इथं १३ नंतर १ चालत नाही. पहिल्यांदा मांडताना स्वतःच्या टाइलचे किमान ३० गुण, म्हणजे आकड्यांची बेरीज, भरावे लागतात, तोवर मांडलेल्या डावाला हात लावायचा नाही. मांडायला काहीच नसेल तर एक टाइल उचलायची.

खरी गंमत मांडून झाल्यावर. समजा सतरंजीवर लाल ४-५-६-७ आहे आणि माझ्याकडं निळी अन् काळी सत्ती. लाल सत्ती ओढली, तीन सत्त्यांचा वेगळा डाव लावला, मागं ४-५-६ शाबूत. दुसऱ्यानं लावलेलंही मोडता येतं, फक्त आपली पाळी संपताना सगळं नीट जुळलेलं हवं. पोट्ट्यांना यातच रस.

जुन्या मंडळींना मात्र हे पटत नाही. ‘सगळं उघडंच, मग खेळायचं काय?’ त्यांचंही खरं आहे. समोरच्यानं बदामाची नव्वी का टाकली, प्युअर सिक्वेन्स, म्हणजे जोकरशिवायचा क्रम, लागला का, हे ताडण्यात जी मजा आहे ती टाइलमध्ये नाही. तिथं पान टाकणंच नसतं. चारापेक्षा जास्त माणसं बसणार असतील तरी पत्तेच सोयीचे, कारण नेहमीचा डबा चौघांचाच असतो.

पैशाचा विषय वेगळा. सुप्रीम कोर्टानं १९६७ सालीच रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलंय, पण ते आमच्या आजीला सांगून बघा. पत्ते दिसले की तिच्या लेखी जुगार. टाइलला ती काही म्हणत नाही. रुमानियात जन्मलेल्या एफ्राइम हर्ट्झानो यांनी हा खेळ काढला, १९८० साली जर्मनीत तो वर्षाचा सर्वोत्तम खेळ ठरला, पण आजीला त्याचं काय! तिला ते खेळणं वाटतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

तरी माझं मत फिरवलं ते कूलरनं. त्याच्यासमोर पत्ते खेळणं म्हणजे शिक्षा. टाकलेलं पान उलटून दुसऱ्याच्या मांडीवर. त्यावर चपला ठेवा, वाट्या ठेवा, तरी एखादं उडतंच. वाऱ्याचं एक वेळ चालवून घेऊ, पण कूलरच्या गवतातून येणारी ती ओल! पानं फुगतात, एकमेकांना चिकटतात, पिसताना गठ्ठ्यानं फिरतात, वाटताना दोन-दोन जातात. मग ‘माझ्याकडं चौदा’, ‘माझ्याकडं बारा’, डाव मोडा, पुन्हा वाटा. कूलर बंद करावा तर घामानं तीच गत. प्लॅस्टिकचे पत्ते चिकटत नाहीत म्हणतात. आमच्याकडं ते जास्तच उडाले. टाइल जिथं ठेवली तिथं राहते. स्टँडवर उभी असल्यानं लहान हातांना तेरा पानांचा पंखा धरायची कसरतही नाही.

आपलं घर वेगळं असेल, कूलर नसेल, बसणारे सगळे मुरलेले असतील, तर नवा डबा घ्यायची घाई नको. घेणारच असाल तर केशरी आणि लाल आकडे वेगवेगळे दिसतात का, ते दुकानाच्या झगमगाटात नको, बाहेरच्या ओसरत्या उजेडात बघा. इथं लाइट कधीही जाते.