खडूची धूळ आणि ६५ इंची पॅनेल : ११ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या सोमवारी चौथीच्या वर्गात भागाकार चालू असताना, कोणीही हात लावलेला नसताना, आमच्या पॅनेलच्या, म्हणजे बोटाने लिहिता येणाऱ्या मोठ्या डिजिटल पडद्याच्या, डाव्या कोपऱ्यात आपोआप रेघा उमटू लागल्या आणि मुलांनी ‘भूत, भूत’ म्हणून वर्ग डोक्यावर घेतला. त्या निमित्ताने जिल्हा परिषद शाळेतील हा अनुभव लिहीत आहे.

चित्र आणि आवाज उत्तम आहेत, त्याबद्दल बोलत नाही. तक्रार आहे ती खडूच्या धुळीची. या पॅनेलमध्ये चौकटीच्या कडांमधून काचेलगत अवरक्त किरणांची जाळी जाते आणि बोटाने किरण अडला की यंत्राला स्पर्शाची जागा कळते. धुळीने अडला, तरी त्याला ते बोटच वाटते. आम्ही पॅनेल नेमके फळ्याला खेटून बसवले होते. भिंतीला छिद्रे पाडणाऱ्या विक्रेत्याच्या माणसाला तो फळा दिसत होता, तरी त्याने चकार शब्द काढला नाही. सेवा केंद्राने मात्र ‘धूळ वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून नुसत्या भेटीचे १,१८० रुपये मागितले. ज्या वस्तूसाठी पालकांनी कांदा विकून आलेल्या पट्टीतून वर्गणी काढून दिली, तिच्यापायी ते पैसे माझ्याने देववेनात. रंगकामाचा २० रुपयांचा मऊ ब्रश आणून चौकट झाडली आणि रेघा थांबल्या.

एकच तारा द्यायचा, असे ठरवून लिहायला बसलो होतो. परंतु पॅनेल फळ्याशेजारी का लावले, याचा विचार करताना दोष माझ्याकडेही येतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आम्ही इंच, किंमत आणि वॉरंटी यांवर दोन तास घालवले, पण कोणत्या इयत्तेच्या कोणत्या पाठासाठी हे हवे आहे, हे मुख्याध्यापक म्हणून मी विचारलेच नाही. परिणामी दिवाळीपर्यंत त्यावर बहुतेक बडबडगीतेच वाजली. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी क्यूआर कोड आणला तो पाठ्यपुस्तकाच्या पानावर. आम्ही आधी पडदा आणला आणि नंतर पान शोधत बसलो.

दिवाळीनंतर पॅनेल तिसरी-चौथीचे गणित आणि परिसर अभ्यास यांपुरतेच ठेवले आणि शिक्षकांनी आदल्या दिवशी पाठ पाहून, उतरवून (डाउनलोड करून) ठेवावा असे ठरवले. आमच्या पॅनेलला कॅमेरा नसल्यामुळे बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड त्याला वाचता येत नाही. मात्र कोडखालचा सहा अक्षर-अंकांचा संकेत ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवर टाइप केला की तोच मजकूर उघडतो, हे आम्हाला सातव्या महिन्यात कळले. (माहितीपुस्तिकेत ते असणार नव्हतेच, आणि ‘दीक्षा’ तर २०१७ पासून आहे.) आता पाठनिहाय संकेतांचा तक्ता भिंतीवर आहे आणि अपूर्णांकांचा तास पॅनेलविना घ्यायला आमच्या बाई तयार नाहीत.

म्हणून तीन तारे. चौथा सेवा केंद्राने घालवला. या सुट्टीत पॅनेल समोरच्या भिंतीवर हलवणार आहोत. तोवर ब्रश खिळ्याला टांगलेला आहे आणि शनिवारी चौकट झाडण्याची पाळी चौथीच्या मुलांनी आपापसात वाटून घेतली आहे.